समोरून गाडी आली का?

"सर, त्यांना गाडीत बसू देऊ नका," नाझनीन म्हणाली, आणि मी तिच्यावर खेकसलो.

चांगलाच खेकसलो. कारण माझा रिपोर्ट वीस मिनिटांपूर्वीच दिल्लीला गेला होता. त्यात मी स्वच्छ लिहिलं होतं: रस्ता चालू, पूल वेळेवर उघडणार, प्रवासाला हरकत नाही. सकाळचे दहा वाजत आले होते. आम्ही साताऱ्यात, पोवई नाक्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात होतो. तिकडे पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुस गावात साडेसात झाले होते. तिथल्या टॅक्सी स्टँडवर तासगावकडचा प्रमोद माने बॅग पायाशी ठेवून उभा होता. त्याची गाडी आठला सुटणार होती.

आधी मी कोण ते सांगतो. मी विश्वास जगदाळे. पोलिटिकल ॲनालिस्ट. विषय पॅलेस्टाईन. बरीच वर्षं दिल्लीत काढली, आता तेच काम साताऱ्यातून करतो. लग्नाच्या पंगतीत, सलूनमध्ये लोक मला हमखास विचारतात, "काय हो, तिकडं शेवटी कोण जिंकणार?" मी म्हणतो, मला माहीत नाही. मग ते म्हणतात, मग तुम्ही पगार कशाचा घेता? प्रश्न रास्त आहे.

कोण बरोबर आणि कोण चूक हे सांगणं माझं काम नाही. त्यावर मला मत आहे आणि ते मी घरी ठेवून येतो. माझं काम उद्या काय होण्याची शक्यता आहे ते आज लिहून देणं. एक पान. त्याला आम्ही ब्रीफ म्हणतो. तो दिल्लीच्या आमच्या कंपनीमार्फत हॉस्पिटलांना, मदतसंस्थांना, जहाजवाल्यांना जातो. प्रत्येक अंदाजाखाली कॉन्फिडन्स लेव्हल लिहायची असते, म्हणजे तुमची स्वतःची किती खात्री आहे ते. लो, मिडियम किंवा हाय. हाय म्हणजे छातीठोक. शहाणा ॲनालिस्ट हाय क्वचित लिहितो. त्या सकाळी मी हाय लिहिलं होतं.

प्रमोद माने कृत्रिम पाय बसवतो. मिरजेच्या एका हॉस्पिटलनं त्याला दोन महिन्यांसाठी नाब्लुसच्या वर्कशॉपमध्ये पाठवलं होतं. मध्येच सगळा प्रदेश तापला आणि हॉस्पिटलनं त्याला परत बोलावलं. विमानतळाकडची वाट बंद होती. राहिला एकच रस्ता: नाब्लुसहून खाली जेरिकोकडे, तिथून पुलावरून जॉर्डनमध्ये, आणि तिथून विमान. या रस्त्यावर लोखंडी गेटं आहेत. सकाळी उघडी दिसतात, दहा मिनिटांत बंद होतात. दोन गेटांच्या मध्ये सापडलात तर ना पुढे ना मागे. तासन्‌तास उन्हात, आणि वातावरण पेटलेलं असताना कुठल्या बाजूनं काय सुरू होईल याचा नेम नाही. बरं, थांबावं म्हटलं तर प्रमोदचं परमिट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होतं. परमिट संपलेला परका माणूस त्या दिवसांत सापडला की चौकशी, कोठडी, काहीही. म्हणजे 'जा' म्हणालो तरी तो अडकू शकत होता, आणि 'थांब' म्हणालो तरी.

त्याचे वडील आबा माने, फौजेतले रिटायर्ड हवालदार. माझा नंबर त्यांना कुणी दिला देव जाणे. आदल्या दिवसापासून सात फोन झाले होते.

"आवं सायेब, पोरगं निघू द्या का नको, तेवढं बोला."

"आबा, सध्याची परिस्थिती पाहता साधारणपणे शक्यता अशी आहे की..."

"साधारणपणे ऱ्हाऊ द्या वो. आमच्या सुभेदारानं कवा 'साधारणपणे फुडं चला' म्हटलं न्हाई."

त्या सकाळी मी त्यांना सांगून टाकलं होतं, "निघू द्या, आबा." ते म्हणाले, "लय उपकार झालं." आणि फोन ठेवला. हे सगळं होऊन गेल्यावर ही पोरगी मला म्हणते, बसू देऊ नका.

नाझनीन मुलाणी कोरेगावची. तेव्हा तिला माझ्याकडे येऊन दोन वर्षं होत आली होती. अरबी अक्षरं ती लहानपणी मशिदीतल्या मक्तबात शिकली, बाकीची भाषा पुण्यात, आणि पॅलेस्टिनी बोली कानांनी. तिथल्या भाजीवाल्यांचे, ड्रायव्हरांचे, भांडणाऱ्या शेजाऱ्यांचे व्हिडिओ ती तासन्‌तास ऐकत बसायची. माझी अरबी पुस्तकी. नाब्लुसच्या स्टँडवर मला उभा केला तर साधी टॅक्सी ठरवता येणार नाही. ती मात्र इथे बसून तिथल्या ड्रायव्हरची नक्कल करायची आणि आम्ही हसून लोळायचो.

तिला घेतलं तेव्हा एका मित्रानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मुसलमान मुलगी, त्यात हा विषय. एकाच बाजूचं लिहिणार नाही का?" मला राग आला. पण खोटं कशाला बोलू, ही शंका माझ्याही डोक्यात येऊन गेली होती. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या ब्रीफमधली सहा विशेषणं खोडली. म्हणाली, "सर, हे तुमचं मत झालं." त्यानंतर कुणी बाजूचा विषय काढला की ती म्हणायची, "मी ड्रायव्हरच्या बाजूची. रस्ता उघडा का बंद, एवढंच त्याला बघायचं असतं." मी तो विषय परत मनात आणला नाही.

तर त्या सकाळी मी ओरडलो, "का बसू देऊ नको? कारण सांग!"

"जेरिकोकडनं पहाटे सुटणाऱ्या गाड्या तिकडच्या साडेसहाला नाब्लुसच्या स्टँडवर टेकतात. आज एकपण आली नाही."

"उशीर झाला असेल."

"एका गाडीला होईल, सर. सगळ्यांना? इकडनं अकरा गेल्या, पोचल्याचं एकानंपण कळवलं नाही. तिकडनं शून्य."

तिला हे कळलं कसं? तिथले टॅक्सीवाले फोनवरच्या एका ग्रुपमध्ये आवाजी मेसेज टाकतात. निघताना एक, पोचल्यावर एक. नाझनीन त्या ग्रुपमध्ये वर्षभर मुकाट बसून होती. मला वाटायचं, टाइमपास करते.

"माझ्याकडे चार सोर्स आहेत," मी म्हणालो. सोर्स म्हणजे बातमी जिथून आली ती जागा. आमच्यात दोन मिळाले तरी माणूस खूश होतो.

"दाखवा की चारी."

दाखवले. तिनं चारी पानं स्क्रीनवर शेजारीशेजारी लावली. चारीत एकच गोष्ट होती. आदल्या संध्याकाळी पुलावरच्या अधिकाऱ्यांनी काढलेली घोषणा. एकानं छापली, तिघांनी उचलली.

"हा एकच सोर्स झाला, सर. आणि तो पुलाबद्दल बोलतोय. पूल उघडाच असंल. पुलापर्यंत जायचं कसं?"

नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो. एक बातमी चार तोंडांनी आली म्हणून चार होत नाही. तिलाही मीच शिकवलं होतं. आता वाटतं, त्या क्षणी फोन उचलायला हवा होता. मी नाही उचलला. मी पाणी प्यायलो, चष्मा पुसला, तिला म्हणालो, "ड्रायव्हर लोकांच्या गप्पांवर मी हाय मागे घेऊ का?" सही केलेला माणूस असा असतो. त्यात पाच मिनिटं गेली. ती पाच मिनिटं मला अजून टोचतात.

ती चिडली. आवाज न चढवता चिडते, ते जास्त लागतं.

"सर, माझ्या अब्बांनी कोरेगाव-सातारा वडाप चालवलंय. जन्म गेला त्यांचा त्यात. गप्पा नसतात त्या."

वडाप म्हणजे काय ते आमच्या सातारा-सांगलीच्या माणसाला सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो: सीट भरली की सुटणारी जीप. वेळापत्रक नाही, फलक नाही. तिचा ड्रायव्हर पुढच्या रस्त्याची खबर समोरून येणाऱ्याकडून घेतो. समोरच्या जीपवाल्यानं हात वर केला तर बिनधास्त चला. तळवा खाली दाबला तर पुढे चेकिंग. आणि बराच वेळ समोरून कुणीच आलं नाही, तर हा गाडी बाजूला घेतो आणि चहा सांगतो. पॅसेंजर शिव्या घालतात, घालू देतो. गेलेली गाडी पोचली की नाही हे मागे राहिलेल्याला कळत नाही. आलेली गाडी मात्र रस्ता बघून आलेली असते. नाझनीन शाळेला त्याच जीपमधून, पुढच्या सीटवर बसून यायची.

मी फोन लावला. प्रमोद लगेच बोलला.

"निघतोच आहे, सर. ड्रायव्हर म्हणतोय, बसा."

"थांब जरा. स्टँडवर काय दिसतंय?"

"नेहमीसारखंच. गाड्या लागल्यात."

नाझनीननं फोन माझ्या हातातून घेतला. घेतला म्हणजे ओढलाच. "प्रमोददादा, जेरिको लाइनचे ड्रायव्हर ओरडतायत का? पॅसेंजर बोलावतायत?"

"नाही ओ. चहा पितायत."

"एक काम करा. त्या लाइनला ज्या गाड्या लागल्यात, त्यांच्या बॉनेटला हात लावून बघा. गरम आहे का एखादं? गरम असलं तर ती गाडी आत्ताच आलेली."

थोडा वेळ पलीकडून नुसता स्टँडचा गलका ऐकू आला. मग प्रमोद म्हणाला, "गार आहेत सगळी. एक माणूस माझ्याकडं बघून हसतोय."

"हसू दे. तुमच्या ड्रायव्हरला फोन द्या."

ती अरबीत बोलायला लागली. तो ड्रायव्हर स्पेशल भाड्याचा. हॉस्पिटलनं ठरवलेला, आठला सुटायचं सांगितलेला, म्हणून तो सुटणार. मला निम्मंच कळत होतं, पण तिचा शेवटचा प्रश्न कळला. समोरून आलेल्या कुणाशी आज बोललास का? तो म्हणाला, नाही.

नाझनीननं फोन खाली घेतला. "सर, आता तुम्ही सांगा."

"तुझी कॉन्फिडन्स लेव्हल?"

"मिडियम," ती म्हणाली. "हाय म्हणणार नाही."

खरं सांगतो, त्या एका शब्दानं मी वितळलो. समोर बॉस ओरडतोय, एका माणसाचा जीव टांगणीला लागलाय, आणि ही सव्वीस वर्षांची मुलगी स्वतःचं म्हणणं खरं करायला एक पायरीसुद्धा वर चढत नाही. एवढा संयम मला पन्नाशीनंतरही जमलेला नाही.

मी प्रमोदला थांब म्हणालो. मग दिल्लीला आमच्या बॉसना, खन्नासाहेबांना फोन लावला.

"विश्वासजी, हाय दिया था आपने."

"दिया था. अब वापस लेता हूँ."

"किस बेसिस पे?"

मी माझ्या सातारी हिंदीत म्हणालो, "सर, गाड़ियों के बॉनेट ठंडे हैं."

"ये मैं क्लाएंट को कैसे लिखूँ?"

"मत लिखो. सिर्फ रुकने को बोलो."

"और परमिट एक्सपायर हुआ तो? जिम्मेदारी किसकी?"

"मेरी."

नाझनीन शेजारून हळूच म्हणाली, "माझी पण सांगा." मी सांगितली नाही. तेवढी तरी अक्कल होती.

आबांचा आठवा फोन आला. मघाशी याच माणसाला 'निघू द्या' म्हणालो होतो. नाझनीननं हात पुढे केला, आणि मी फोन दिला. नामुष्कीच म्हणा, पण दिला.

"आबा, मी नाझनीन बोलतीय, कोरेगावची. दादा आज निघत न्हाईत. उद्या निघतील."

"आवं, सायेब तर म्हनलं निघू द्या!"

"सायबांनी बदललंय. तिकडनं आज येकबी गाडी आली न्हाई, आबा. रस्ता मधी कुटंतरी बंद हाय, असं मला वाटतंय."

"वाटतंय? का हाय?"

"वाटतंय. चुकू शकतं माझं."

"आन चुकलं तर?"

"तर दादांचा आजचा दिवस फुकट गेला, आन त्याला कारण मी. मला शिव्या द्या, सायबांना न्हाई."

आबा हवालदार माणूस, आयुष्यभर हुकूम घेतलेला. म्हणाले, "बरं पोरी. थांबवा. पर तिसऱ्यांदा बदलू नगासा." आणि फोन ठेवला.

मग वाट बघणं आलं. आमच्या धंद्यात हे कुणी दाखवत नाही. टीव्हीवर ॲनालिस्ट हातवारे करत बोलतो. खरा ॲनालिस्ट बहुतेक वेळ स्क्रीनकडे बघत नखं खात असतो. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. ग्रुपवर कुणी बोलेना. मला वाटायला लागलं की रस्ता उघडाच असेल, गाड्या नुसत्याच रेंगाळल्या असतील, आणि आम्ही एका माणसाचा शेवटचा चांगला दिवस घालवला असेल. खन्नासाहेबांचे दोन मेसेज आले. मी उत्तर दिलं नाही. नाझनीननं डबा उघडला आणि न खाता झाकण लावलं. मी म्हणालो, "खाऊन घे गं." ती म्हणाली, "तुम्ही खाल्लंय का?"

साडेबाराला एक व्हिडिओ आला. रस्त्यात अडकलेल्या कुणीतरी काढलेला, रेंज मिळाल्यावर टाकलेला. उतारावर गाड्यांची रांग, पुढे आडवं गेट, मागेही गेट. लोक गाड्यांच्या सावलीत बसलेले. खाली लिहिलेलं, पहाटेपासून इथंच आहोत.

मी खुर्चीवरून उठून टाळी वाजवली. हो, वाजवली. आपलं बरोबर निघालं की आधी आनंद होतो, लाज नंतर वाटते. नाझनीननं टाळी वाजवली नाही. ती व्हिडिओ थांबवून थांबवून गाड्या मोजत होती. पहाटे गेलेल्या अकराही त्यात आहेत का, हे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती सकाळी सातलाच ऑफिसात येऊन बसली होती. साडेनऊच्या आत ग्रुपवर आवाज आला: जेरिकोहून एक गाडी पोचली. मी म्हणालो, "चला, सोडा त्याला!"

"नको, सर. पहिली गाडी ओळखीनंपण सुटती. अजून येऊ देत."

परमिटचे तास संपत होते, आणि ही गाड्या मोजतेय. पण मी तोंड मिटून बसलो, एवढं आदल्या दिवशी शिकलो होतो. दुसरी आली. तिसरी आली, आणि तिच्या ड्रायव्हरनं सांगितलं, गेट पूर्ण उघडलंय. नाझनीननं प्रमोदला फोन केला. "निघा, दादा. मधे कुठं उतरू नका."

दुपारी प्रमोदचा मेसेज आला, पूल ओलांडला. परमिटचे काही तास अजून शिल्लक होते. मी आबांना कळवलं. म्हातारा फोनवर रडला. आधी हळू, मग चांगला हंबरडा फोडून. मागून बायकामाणसांचेही आवाज येत होते. मीही डोळे पुसले, त्यात लपवायचं काय?

त्याच दिवशी मी करेक्शन नोट पाठवली. अंदाज चुकला तर चूक कुणाची आणि दुरुस्त कुणी केली हे लिहून द्यायचं, असा आमच्यात नियम आहे. पाळतात थोडेच. मी चूक माझ्या नावावर लिहिली, दुरुस्ती नाझनीनच्या. खन्नासाहेब म्हणाले, ज्युनिअरचं नाव क्लाएंटला जात नाही. मी म्हणालो, मग माझंही काढा. शेवटी दोन्ही नावं क्लाएंटला गेली.

पंधरा दिवसांनी आबा आणि प्रमोद ऑफिसात आले. पाच किलो बेदाणे घेऊन. आबांनी मला नमस्कार केला आणि लगेच विचारलं, "ती पोरगी कंची?" नाझनीन उठली. आबा तिच्यासमोर सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "पलटणीत असतीस तर लय वर गेली असतीस."

"आबा, मला पहाटे परेडला उठवत न्हाई," ती म्हणाली. सगळे हसले. चहा आला.

मग प्रमोदनं एक गोष्ट सांगितली. ती आम्हाला माहीत नव्हती. पहिल्या दिवशी त्यानं नको म्हटल्यावर ती स्पेशल गाडी रिकामी थांबली नाही. स्टँडवर एक म्हातारे मास्तर उभे होते. ते प्रमोदच्या सीटवर बसले आणि गाडी गेली.

नाझनीननं लगेच विचारलं, "त्यांना कुणी सांगितलं नाही? रस्ता बंद असंल म्हणून?"

"सांगितलं की. मीच सांगितलं, ड्रायव्हरांनीही सांगितलं. ते म्हणाले, ठाऊक आहे. पुलापलीकडे जॉर्डनमध्ये, अम्मानला डोळ्याचं ऑपरेशन होतं त्यांचं, त्याच दिवशी. किती महिन्यांनी तारीख मिळालेली."

"मग?"

"दिवसभर गेटांत अडकले. संध्याकाळी परत आले. दुसऱ्या दिवशी माझ्याच गाडीत, माझ्या शेजारी."

"पण तारीख तर गेली होती."

"मीही तेच म्हणालो. ते म्हणाले, हॉस्पिटलच्या दारात जाऊन बसतो, कधीतरी आत घेतील. पुलापलीकडे आमची ताटातूट झाली. पुढचं मला माहीत नाही."

आबांनी कप खाली ठेवला. आमच्या हुशारीनं एक सीट रिकामी झाली होती, आणि तिच्यावर कोण बसलं हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

नाझनीननं मास्तरांचं नाव विचारून वहीत लिहिलं. पुढचे काही आठवडे ती अम्मानच्या हॉस्पिटलांत चौकशी करत होती. पत्ता लागला नाही. पण तेव्हापासून आमच्या ब्रीफमध्ये शेवटी एक परिच्छेद वाढला: आज ज्यांना थांबता येणार नाही, ते कुठून जात आहेत, त्यांना काय सोसावं लागतंय. खन्नासाहेबांनी विचारलं, क्लाएंटला याचा उपयोग काय? ती म्हणाली, "सर, रस्ता बंद असतानाही जी माणसं निघतात, त्यांना धरल्याशिवाय रस्त्याचा अंदाज पुरा होत नाही." ते वाक्य मी माझ्या टेबलासमोर लावलंय. आज पॅलेस्टाईनचा डेस्क ती चालवते. ब्रीफवर तिचं नाव जातं आणि दिल्लीत लोक तिला विचारून बोलतात. मी तिच्या हाताखाली आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

या धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच: 'जाऊ नका' हा सल्ला कितीही बरोबर असला, तरी तो ऐकणं सगळ्यांना परवडत नाही.